सोबतीला राहणाऱ्यांचं अंथरूण, आंघोळ आणि हात

वडील गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दाखल आहेत. आम्ही दोडामार्गचे, रोज येणं-जाणं परवडत नाही. आई रात्री खाटेखाली चटई टाकून झोपते. चालेल का?

खाटेखाली नको, खाटेच्या बाजूला चालेल. लघवीची पिशवी खाटेखालीच लोंबते, सांडलेलं सगळं तिथंच ओघळतं. चटईखाली जाड प्लॅस्टिक घाला आणि त्याच्या एका कोपऱ्यावर खूण करा, म्हणजे जमिनीला लागलेली बाजू उद्या अंगाखाली येणार नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. राहण्याची काही सोय आहे का, ते त्यांना विचारा. आणि आईला एक रात्र आड घरी पाठवा. न झोपलेलं माणूस औषधाची वेळ चुकवतं.

सॅनिटायझर असताना साबण कशाला?

रुग्णाला जुलाब असतील किंवा हात मळलेले दिसत असतील, तर साबणच. काही जुलाबांच्या जंतूंचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. एरवी ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळलं की पुरे. लघवीची पिशवी रिकामी करण्याआधीही हात धुवा; नंतर तर सगळेच धुतात.

आमच्या सत्तरी तालुक्यातल्या महिला मंडळाला रुग्णालयासाठी काही द्यायचं आहे. घडीच्या खाटा द्याव्यात का?

खाटांनी वॉर्डातली वाट अडते, स्ट्रेचर फिरवता येत नाही. रुग्णालयाला आधी लॉकरबद्दल विचारा. पिशवीत पैसे आणि रिपोर्ट असतात, ती सोडून बाई आंघोळीला जात नाही. दोन-दोन दिवस तशीच राहते. न्हाणीघरात कपडे टांगायला खुंट्या, आतून लागणारी कडी आणि पॅडसाठी झाकणाचा डबा हवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे वाळत नाहीत. ओलसर कपडे अंगावरच वाळवले की जांघेत नायटा ठरलेला, म्हणून पंखा लावलेली, छपराखालची वाळत घालायची जागा मला खाटांपेक्षा मोलाची वाटते.

न्हाणीघर बांधून द्यायला देणगीदार मिळतात, फीतही कापली जाते. दिवसातून तीनदा ते धुणाऱ्या माणसाचा पगार द्यायला मात्र कुणी पुढं येत नाही. मंडळाकडे थोडेच पैसे असतील, तर नवीन काही बांधू नका. आहे त्या न्हाणीघराच्या सफाईचा वर्षभराचा खर्च आम्ही उचलू, असं रुग्णालयाच्या अधीक्षकांना लेखी कळवा. पाटीवर नाव नाही लागणार, एवढंच.