निषेध कोणाचा आणि कशाचा?

नौपाड्यातल्या एका वाचनकट्ट्यावरून प्रश्न आला आहे. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने डोनाल्ड ट्रम्प यांच्या चार महिला सदस्यांबद्दलच्या वक्तव्यावर जो ठराव केला, त्याला मराठीत काय म्हणावं? 'निंदा प्रस्ताव', 'निंदाव्यंजक ठराव' की 'निषेधाचा ठराव'? आणि त्यातून कायद्याने काहीच होत नसेल, तर 'प्रतीकात्मक' म्हटलेलं चालेल का?

'निंदा प्रस्ताव' आधी बाजूला ठेवू. तो हिंदी वाहिन्यांच्या पट्ट्यांवरून आपल्याकडे आला. हिंदीत 'कडी निंदा' सरकारंही करतात. मराठीत निंदा पाठीमागे चालते. निंदानालस्ती, परनिंदा, निंदक हे शब्द घ्या. कमीपणा येतो तो निंदा करणाऱ्यालाच. भर सभागृहात, मतं मोजून केलेल्या गोष्टीला हा शब्द शोभत नाही. 'निंदाव्यंजक' चूक नाही, पण कागदावरचा आहे. प्रस्ताव आणि ठराव यांतला फरक तुमच्या सोसायटीच्या इतिवृत्तातही सापडेल: सूचक मांडतो तो प्रस्ताव, सभेने मंजूर केला की ठराव. बोलताना आपण सर्रास 'ठराव मांडला' म्हणतो, आणि त्यात काही बिघडत नाही.

राहिला 'निषेध'. संस्कृतात त्याचा अर्थ मनाई; 'त्याला कशाचा विधिनिषेध नाही' असं आपण म्हणतो तेव्हा तोच अर्थ असतो. आज मात्र निषेध म्हणजे 'हे आम्हाला मान्य नाही' असं जाहीरपणे सांगणं. मोर्चात 'अमक्याचा निषेध असो' म्हणतात, तिथे माणूस आणि त्याचं करणं एकच धरलेलं असतं. ठरावाच्या भाषेत ते एक धरून चालत नाही. 'अध्यक्षांचा निषेध' आणि 'अध्यक्षांच्या मनमानीचा निषेध' यांत काय फरक पडतो, हे सोसायटीच्या सभेत एकदा तरी आवाज चढवलेल्या कोणालाही विचारा.

त्याच वर्षी जानेवारीत हा फरक अमेरिकेत उघड दिसला होता. आयोवाचे सदस्य स्टीव्ह किंग यांच्या मुलाखतीवरून गदारोळ झाला आणि प्रतिनिधिगृहाने गोऱ्यांच्या वर्चस्ववादाला विरोध करणारा ठराव ४२४ विरुद्ध १ मतांनी संमत केला. ठरावात किंग यांचे उद्गार होते, तरी खुद्द किंग यांनी बाजूनेच मत दिलं! विरोधातलं एकमेव मत बॉबी रश यांचं. त्यांना एवढं पुरेसं वाटत नव्हतं. किंग यांच्यावर रीतसर ठपका हवा होता. तिथे ठपका ठेवला की त्या सदस्याला सभागृहात, आपल्या बातम्यांत 'वेलमध्ये उतरले' म्हणतात त्या जागी, उभं राहून तो ऐकावा लागतो. म्हणजे निषेध उद्गारांचा किंवा विचारांचा, आणि ठपका माणसावर. जुलैच्या ठरावात ट्रम्प यांचं नाव होतं, पण निषेध होता त्यांच्या शेऱ्यांचा. तो २४० विरुद्ध १८७ असा संमत झाला. ट्रम्प यांच्या पक्षाच्या चौघांनीच बाजूने मत दिलं. म्हणून 'ट्रम्प यांच्या वंशद्वेषी वक्तव्याचा निषेध करणारा ठराव' असं लिहा. लांबलचक होतं, होऊ द्या.

'वंशद्वेषी' का, 'वर्णद्वेषी' का नाही? 'वर्णद्वेष' दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांमुळे रुळला आणि तिथे तो चपखल होता. इथे शेरा रंगावर नव्हता. आलात तिथे परत जा, असा त्याचा रोख होता. चौघींपैकी तिघींचा जन्म अमेरिकेतलाच. इल्हान ओमर तेवढ्या लहानपणी निर्वासित म्हणून सोमालियातून आल्या. 'आपल्या गावाला परत जा' हे ठाण्याच्या फलाटावरही कानावर पडतं. तिथे आपण त्याला 'प्रांतवाद' असं सभ्य नाव देतो.

आता 'प्रतीकात्मक'. हा शब्द मराठीत पुतळ्याला, अंत्ययात्रेला आणि एक दिवसाच्या उपोषणाला लागतो. खऱ्या गोष्टीच्या जागी उभी केलेली दुसरी गोष्ट. ठराव कशाच्या जागी उभा नसतो. सभागृहाचं मत आणि त्याची नोंद हेच तर त्याचं काम. 'निषेध नोंदवला' हा वाक्प्रचार उगीच पडलेला नाही. १८३४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्यावर ठपका ठेवला. कारण वंशाचं नव्हतं, बँकेतल्या सरकारी ठेवींचं होतं. त्याने जॅक्सन यांचं पद गेलं नाही, तरी त्यांच्या समर्थकांनी पिच्छा सोडला नाही. १८३७ मध्ये बहुमत हाती येताच त्यांनी इतिवृत्ताची वही सभागृहात आणवली, त्या ठरावाभोवती काळ्या रेघांची चौकट मारवली आणि 'सिनेटच्या आदेशावरून रद्द' असं त्यावर लिहवून घेतलं. बिनकामाच्या कागदासाठी तीन वर्षं कोणी एवढी खटपट करत नाही. तेव्हा 'प्रतीकात्मक' काढा आणि 'बंधनकारक नसलेला' म्हणा.