जुनी मेमरी, नवा मदरबोर्ड

प्रश्न : मी रायझेन ५ ७६०० हा प्रोसेसर घेतला आहे. जुन्या संगणकातील डीडीआर४ मेमरी नव्या मदरबोर्डवर चालेल का? न चालल्यास ३२ जीबीसाठी १६ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात की ८ जीबीच्या चार?

उत्तर : जुनी मेमरी चालणार नाही. आपला प्रोसेसर एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याची जागा) असून त्या सॉकेटचे मदरबोर्ड केवळ डीडीआर५ स्वीकारतात. दोन्ही प्रकारांतील खाचेची जागा वेगळी असल्याने जुनी पट्टी स्लॉटमध्ये बसतच नाही, आणि ती जोर लावून बसवू नये.

पट्ट्या दोनच घ्याव्यात. या प्रोसेसरची मेमरी दोन चॅनेलांतून, म्हणजे माहितीच्या ने-आणीच्या दोन मार्गांतून, चालते, त्यामुळे प्रत्येक चॅनेलवर एक पट्टी पुरते. चार पट्ट्या लावल्यास प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रकावरील भार वाढून अधिकृत वेग ५२०० एमटी/एस (सेकंदाला दशलक्ष हस्तांतरणे) वरून थेट ३६०० पर्यंत उतरतो, म्हणजे अधिक पट्ट्या घेऊन संगणक मंदच व्हायचा. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन पट्ट्या सामान्यतः प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवतात, तरी बोर्डची पुस्तिका पाहावी. वेग ६००० चा निवडावा, मात्र तो आपोआप लागू होत नाही; बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्स्पो हा मेमरीचा अधिकृत मर्यादेपलीकडचा वेग लागू करणारा पर्याय सुरू करावा लागतो, आणि अनेकजण नेमके हेच विसरतात.

मदरबोर्डसाठी बी६५० चिपसेट (बोर्डवरील जोडण्या सांभाळणारी चिप) पुरेसा आहे. एक्स६७० चे जादा पैसे माझ्या मते मोठ्या एसएसडीवर खर्च करावेत.