आजीचं 'बरं'

नाशिक,
श्रावण

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू ठेवून गेलेल्या पाचवीच्या वह्या वाचून झाल्या. दोन रात्री लागल्या, कारण काही मी दोनदा वाचल्या. विषय तू फार चांगला दिलास. 'मी पाहिलेला पूर' हा पंचवटीतल्या मुलांना पुस्तकातून शोधावा लागत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडावरची दुकानं हलवायची घाई त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. आणि तरी बहुतेक वह्या एकाच वाक्याने सुरू होतात: 'अबब! केवढा मोठा हा पूर!' मग 'अरेरे! दुकानांत पाणी शिरले!' आणि शेवटी 'वा! पूर ओसरला!' तुझ्या वर्गाच्या भिंतीवरचा केवलप्रयोगी अव्ययांचा, म्हणजे मनातली भावना एकदम बोलून दाखवणाऱ्या शब्दांचा, तक्ता मला इथे बसून दिसला. आश्चर्यासमोर अबब, शोकासमोर अरेरे, हर्षासमोर वा. मुलांनी तेवढेच उचलले आणि वाक्यांच्या डोक्यावर ठेवले. एक वही मात्र वेगळी आहे, तिच्याबद्दल शेवटी लिहिते.

तक्ता काढून टाकू नकोस. हर्षदर्शक, शोकदर्शक, विरोधदर्शक हे प्रकार परीक्षेत विचारतात, ते मुलांना यायलाच हवेत. पण ते दोन तासांचं काम आहे. निबंधाच्या तासाला मात्र त्या तक्त्यावर एखादी चादर टाक.

कारण हे शब्द मुलांना आपण नव्याने द्यावे लागतच नाहीत. आठवीतल्या मुलांनाही अडणारं सगळं व्याकरण एका बाजूला आणि हे एका बाजूला. पाळण्यातलं पोरसुद्धा आधी उद्गार काढतं, नाम-क्रियापद मागून येतं. पाचवीत येईपर्यंत एकेका मुलाच्या कानात असे चाळीस-पन्नास शब्द साठलेले असतात: आई गं, अगं बाई, छट्, हॅ, बाप रे, आयला, अय्या, हुश्श, च्च. वहीत मात्र अबब आणि अरेरे. मला सांग, तू स्वतः शेवटचं 'अबब' कधी म्हणालीस?

म्हणून पहिला आठवडा काही लिहायला लावू नकोस, ऐकायला लाव. एक छोटी वही करायची, आम्ही तिला कानवही म्हणायचो. घरात, भाजीबाजारात, सीबीएसवर बसची वाट बघताना जो उद्गार कानावर पडेल तो जसा ऐकला तसा लिहायचा. शुद्धलेखन बघायचं नाही. शेजारी तीन गोष्टी लिहायच्या: कोण म्हणालं, कोणाला म्हणालं, त्याच्या आधी काय झालं. ही तिसरी गोष्ट मुलं टाळतात. ती सोडू देऊ नकोस, पुढचं सगळं लेखन तिच्यातूनच निघतं.

आणि कानवहीवर लाल पेन लावू नकोस. हे कळकळीने सांगते, कारण मी लावलं होतं. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. सटाण्याकडून आलेला एक मुलगा वर्गात होता, घरी अहिराणी बोलायचे. विहिरीत पडलेल्या बकरीवर त्याने लिहिलं होतं, आणि त्याची आई धावत येऊन म्हणते, 'माय वं!' मी ते खोडलं आणि वर सुबक अक्षरात लिहिलं, 'अरेरे!' त्याने मान हलवली, वही घेतली. त्यानंतर वर्षभर त्याच्या कुठल्याही निबंधात कोणी काही बोललं नाही. बकरी होती, विहीर होती, माणसं होती, पण सगळी मुकी. मला ते कळायला फार उशीर झाला. तुझ्या वर्गात पेठ-सुरगाण्याकडची मुलं आहेत, सिडकोत वाढलेली आहेत, काहींच्या घरी हिंदी आहे. प्रत्येकाच्या आईचा उद्गार वेगळा आहे आणि तो वहीत यायला हवा.

'वाव' आणि 'ओ माय गॉड'चं काय करायचं, असं तू विचारलं होतंस. त्यावर बंदी नको. मुलगी तिच्या मैत्रिणीला 'वाव' म्हणते, तर संवादात 'वाव'च लिहू दे. फक्त एक प्रश्न विचारायची सवय लाव: हे कोण म्हणतंय? गोदाघाटावर फुलं विकणारी आजी 'वाव' म्हणणार नाही, आणि दहा वर्षांचा मुलगा 'अहाहा' म्हणणार नाही. व्याकरण सांगतं की केवलप्रयोगी अव्यय वाक्यापासून अलग असतं. ते खरंच आहे. पण ते ज्याच्या तोंडून निघतं त्याचं वय, गाव, नातं सगळं त्यात असतं. 'अरे', 'अगं', 'अहो' यांतला फरक पहिलीतल्या मुलालाही कळतो.

आता 'अरे'चाच एक तास सांगते. फळ्यावर नुसतं 'अरे' लिही. पोर पडता पडता वाचलं की आपण 'अरे अरे' म्हणतो. छत्री विसरल्याचं आठवलं की 'अरेच्चा'. खूप दिवसांनी मित्र दिसला की लांबवलेलं 'अरेऽऽ', आणि कोणी रांगेत मध्येच घुसलं की तुटक 'अरे!' एकेका मुलाला मनात एक प्रसंग धरून फक्त तो शब्द म्हणू दे, बाकीच्यांनी प्रसंग ओळखायचा. वर्गात गोंधळ होईल, होऊ दे. मग सगळ्यांना खाली बसवून सांग: आता कागदावर तुमचा आवाज जाणार नाही. त्या 'अरे'च्या आधी दोन वाक्यं अशी लिहा की वाचणाऱ्याच्या मनात तो तुमच्यासारखाच वाजला पाहिजे. इथे मुलं पहिल्यांदा थांबतात आणि विचार करतात. उद्गार वाक्याच्या सुरुवातीलाच टाकायची सवयही इथेच सुटते, कारण तो काहीतरी घडल्यानंतर येतो हे त्यांच्या लक्षात येतं.

चिन्हाबद्दल थोडंसं. काही मुलांनी तीन-तीन, चार-चार उद्गारचिन्हं दिली आहेत. त्यांना सांग की हे चिन्ह आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात छपाईबरोबर रुळलं. मराठीत विरामचिन्हं आणण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. त्याआधीच्या पोथ्यांत फक्त दंड असायचे, आणि तरी 'अगा', 'बापा', 'गे माये' वाचताना आपला गळा दाटतोच. एक चिन्ह पुरतं. शब्द बरोबर जागी असेल तर कधीकधी एकाचीही गरज नसते.

बिनचिन्हाचे उद्गारही आपल्या भाषेत आहेत, आणि मला ते फार आवडतात. व्याकरणात त्यांना व्यर्थ उद्गारवाची म्हणतात, म्हणजे अर्थात भर न घालणारे. मला ते 'व्यर्थ' कधीच पटलं नाही. 'तो पाण्याकडे बघत बसला' आणि 'तो बापडा पाण्याकडे बघत बसला' ही दोन वाक्यं वर्गात वाचून दाखव. 'पाणी संध्याकाळपर्यंत ओसरेल' आणि 'पाणी संध्याकाळपर्यंत ओसरेल म्हणे'. त्या 'म्हणे'त किती शंका आहे ते मुलं लगेच ओळखतात. 'आपला', 'बेटा', 'मेलं' हेही असेच. 'ते मेलं दार लागतच नव्हतं' असं एका मुलीने कानवहीत आईचं वाक्य लिहिलं होतं. पुराच्या रात्री दाराशी झटणारी ती बाई मला अजून दिसते.

लिहून झाल्यावर एकच तपासणी करायची. उद्गार बोटाने झाकायचा आणि वाक्य वाचायचं. काही हरवलं असं वाटलं तर शब्द ठेवायचा, नाहीतर काढायचा. 'अबब' झाकलं तर तुझ्या वह्यांत काहीच हरवत नाही, करून बघ.

आता ती वही, गठ्ठ्यात तळाशी होती. तिच्यात एवढंच आहे: 'आजीने सकाळी विचारलं, दुतोंड्याला कुठवर लागलं. पप्पा म्हणाले, छातीपर्यंत. आजी बरं म्हणाली. मग तिने खालच्या फळीवरचे डबे वर ठेवायला घेतले. मी पण डबे दिले.' खाली तू लिहिलं आहेस, 'उद्गारवाचक शब्दांचा वापर कर', आणि दहापैकी चार गुण दिले आहेस.

मी रागावले नाही. मीही तेच केलं असतं, बकरीच्या वेळी केलंच. पण पुन्हा वाच. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून पूर मोजायची नाशिकची रीत त्या मुलीने न समजावता लिहिली आहे. आणि ते 'बरं' बघ. तुझ्या तक्त्यात ते संमतीदर्शकाच्या घरात आहे. आजी इथे कशाला संमती देते आहे? बऱ्याच पुरांतून निघालेली बाई आहे ती. ओरडायला तिला वेळ नाही, डबे वर ठेवायचे आहेत. त्या एका शब्दात भीती आहे, सवय आहे आणि कामाला लागणंही आहे. पोरीने त्यापुढे चिन्ह दिलं नाही, ते तिच्या कानाने बरोबर ठरवलं. अवतरणचिन्हं तेवढी शिकव, ती राहिली आहेत.

उद्या वही परत देशील तेव्हा गुण बदल, आणि बदलले हे वर्गासमोर सांग. मग तिला आजीचं ते 'बरं' आजीसारखंच म्हणून दाखवायला सांग. तिने ते कसं म्हटलं, ते मला रविवारी येऊन सांग. मी वाट बघते.

तुझ्या बाई