सांगलीहून न्यू जर्सी: सोळा तासांच्या नॉनस्टॉपवर आई-बाबांसाठी बिझनेस क्लास घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई ६६, बाबा ७१ वर्षांचे. बाबांचे गुडघे दुखतात आणि इन्सुलिन चालू आहे. सांगलीहून मुंबईला गाडीनं, तिथून न्यूयॉर्क नॉनस्टॉप. बिझनेस क्लासला इकॉनॉमीच्या जवळपास तिप्पट पैसे पडतायत. ते वसूल होतील का, आणि घेतलाच तर काय बघून घ्यायचा?

जाताना घ्या आणि दोघांनाही घ्या. येतानाचं नंतर बघता येईल. "बाबांना पुढं बसवा, मला काय, मी मागं बसते" असं आई म्हणणार, हे गृहीत धरा आणि ऐकू नका. दोन केबिनच्या मधला पडदा एकदा ओढला की इकडून तिकडं येणं-जाणं बंद होतं. बाबांची गोळ्यांची पिशवी आईकडं आणि आई वीस ओळी मागं, अशी गत होते.

आता वसुलीचं. या तिकिटात खरी विकत घेण्याची गोष्ट एकच आहे, पाठ टेकून आडवी झोप. लाउंज, गरम टॉवेल, काचेच्या ग्लासातला ज्यूस हे सगळं वरचं खोबरं-कोथिंबीर. त्यामुळं ती झोप प्रत्यक्षात लागणार की नाही, एवढंच तपासायचं. ती चार ठिकाणी बिघडते: विमान चुकतं, सीट चुकते, आधीचा रस्ता अंगावर येतो किंवा झोपायची वेळ चुकते.

विमानापासून सुरू करतो. तिकिटावर 'बिझनेस' छापलेलं असतं, पण आत काय मिळेल ते विमानावर ठरतं. बुकिंग करताना सीट-मॅप उघडा आणि एका ओळीत खुर्च्या कशा मांडल्यात ते मोजा. १-२-१ (खिडकीला एक, मध्ये दोन, पलीकडच्या खिडकीला एक) असेल तर प्रत्येकाला थेट वाटेवर उतरता येतं. २-३-२ असेल तर खिडकीजवळच्या आणि मधल्या माणसाला शेजारी झोपलेल्याच्या पायांवरून ढांग टाकावी लागते. गुडघेदुखीच्या माणसानं रात्री तीनदा हे करायचं म्हणजे शिक्षाच. उदाहरण द्यायचं तर एअर इंडियाच्या ए३५०-९०० मध्ये बिझनेसच्या २८ जागा १-२-१ मांडणीत आहेत, सरकत्या दारासकट. त्याच कंपनीच्या नूतनीकरण न झालेल्या मूळच्या ७७७ मध्ये २-३-२ आहे. दर दोन्हीकडं सारखाच दिसू शकतो. शिवाय 'फ्लॅट' आणि 'अँगल्ड फ्लॅट' यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात खुर्ची सरळ होते, पण उतरती राहते आणि झोपेत माणूस घसरत खाली येतो. वर्णनात '१८० अंश' किंवा 'फुल्ली फ्लॅट' लिहिलंय का ते वाचा.

१-२-१ मध्येही सीट निवडायला डोकं लावा. पाय घालायला समोर एक खण असतो. मागच्या ओळींत तो अरुंद असतो आणि बाबांसारख्यांना कूस बदलताना गुडघा वर आपटतो. सर्वांत पुढच्या ओळीत हा खण बहुधा मोठा असतो. पण बाळाचा पाळणा लावायची जागाही अनेकदा तिथंच असते, आणि आपल्याकडून अमेरिकेला जाणाऱ्या विमानात तान्ही बाळं भरपूर. माझा कौल मधल्या जोडसीटला: स्वच्छतागृहापासून दोन-तीन ओळी सोडून, पण सहा ओळी लांब नको. काही विमानांत मधल्या जोड्या एक ओळ जवळ, एक ओळ लांब अशा असतात. नकाशात दोन खुर्च्या चिकटून दिसतात की मध्ये कप्पा दिसतो, ते बघितलं की कळतं.

सीट निवडली म्हणजे झालं असं नाही. विमान बदलतं आणि मग नकाशाही बदलतो. ७२ तास आधी आणि पुन्हा २४ तास आधी बुकिंग उघडून बघा. मांडणी बदलली म्हणून सहसा भरपाई मिळत नाही, पण क्लासच खाली उतरवला तर मिळते. डीजीसीएच्या (भारताच्या विमान वाहतूक नियामकाच्या) १५ फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमानुसार, ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात प्रवाशाच्या मर्जीविरुद्ध क्लास उतरवल्यास करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. काउंटरवर हे शांतपणे सांगता आलं पाहिजे. आई-बाबांच्या फोनमध्ये मराठीतून दोन ओळी लिहून ठेवा.

आणखी एक शब्दाचा घोळ. 'डायरेक्ट' म्हणजे 'नॉनस्टॉप' नव्हे. डायरेक्ट विमान तोच नंबर ठेवून मध्ये उतरू शकतं. २०२५ च्या एप्रिलअखेरीस पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर अमेरिकेची काही उड्डाणं इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला थांबत होती. वेळापत्रकात 'टेक्निकल स्टॉप' दिसतोय का आणि एकूण तास किती, दोन्ही तपासा. विमानतळ न्यूआर्क (न्यू जर्सीतला) की जेएफके (न्यूयॉर्कमधला) तेही बघा. न्यू जर्सीच्या बहुतेक गावांना न्यूआर्क सोयीचं, पण त्यासाठी दिल्लीहून जावं लागलं तर पुणे-दिल्ली हा टप्पा त्याच तिकिटात घ्या. वेगळं तिकीट काढलंत तर देशांतर्गत विमानाचा १५ किलोचा नियम लागतो आणि तुमच्या बॅगा प्रत्येकी ३२ किलोच्या.

आता रस्ता. सांगली ते मुंबई साधारण पावणेचारशे किलोमीटर. पेठ नाका, कऱ्हाड, सातारा, खंबाटकी, पुण्याची कोंडी, मग एक्स्प्रेस-वे. जेवणखाण धरून आठ-नऊ तास सहज. त्यापुढं विमानतळावर चार आणि विमानात सोळा. गाडीत गुडघे मुडपून आठ तास बसलेला माणूस थेट विमानात चढला, तर लाखांची झोप रस्त्याचा शीण काढण्यातच जाते. आदल्या दिवशी मुंबई गाठा आणि रात्रभर झोपू द्या. हे जमणारच नसेल तर सकाळी लवकर निघून दुपारी विमानतळाजवळच्या हॉटेलात चार तास आडवं होऊ द्या. बिझनेसच्या तिकिटाएवढाच महत्त्वाचा खर्च हा आहे, आणि लोक नेमका तोच वाचवतात. 

झोपेचं गणित करू. समजा विमान रात्री २ ला सुटलं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं, म्हणजे तिथं आदल्या दुपारचे साडेचार. १६ तासांनी उतरताना आपल्याकडं संध्याकाळचे ६, तिथं सकाळचे साडेआठ. म्हणजे उतरल्यावर अख्खा दिवस काढायचाय, तोही शरीर रात्र मागत असताना. तिथल्या रात्रीचे ११ ते सकाळचे ७ हे उड्डाणाच्या सुमारे साडेसहाव्या ते साडेचौदाव्या तासात येतात. तरुण माणसाला मी सांगेन, पहिले सहा तास जाग आणि मग सलग झोप. पण पहाटे दोनला सत्तरीच्या माणसाला जागं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी दोन झोपा: जेवण लाउंजमध्येच उरकून, विमानात पहिलं जेवण नाकारून चढल्या चढल्या चार-पाच तास, मग उठून चहा, नाश्ता, चालणं, मग नवव्या तासापासून पुन्हा चार तास. चढल्यावर क्रूला सांगायचं: "जेवणासाठी उठवू नका, मी मागेन तेव्हा द्या." पट्टा पांघरुणाच्या वरून लावायचा, आत नाही. हवेचे धक्के लागले की क्रू प्रत्येकाचा पट्टा बघत येतात. वरून दिसला की उठवत नाहीत.

खुर्चीचं यंत्र एकदा समजावून द्या. बाजूला तीन मुख्य बटणं असतात: सरळ, रेलून आणि पलंग. पलंगाचं बटण दाबून धरावं लागतं. मध्येच सोडलं की खुर्ची तिथंच थांबते आणि आई-बाबांना वाटतं बिघडली. टेबल आत ढकललेलं नसेल किंवा उशी अडकली असेल तरी ती पूर्ण उलगडत नाही. उठताना पलंगावरून थेट उभं राहायला बघू नका. आधी खुर्ची सरळ करा, खुर्चीचा वाटेकडचा हात खाली दाबता येत असेल तर दाबा, मग दोन्ही पाय जमिनीवर टेकून उठा. गुडघ्यांना हाच फरक मोठा. आणि सर्वांत महत्त्वाचं: मोबाइल खुर्चीच्या फटीत पडला तर खुर्ची हलवायची नाही. यंत्रात चिरडला तर बॅटरी पेट घेऊ शकते. घंटा दाबून क्रूला बोलवायचं, ते काढून देतात. खुर्ची खरंच बिघडलेली असेल तर विमानाचं दार बंद व्हायच्या आत सांगा. तोवर जागा रिकामी असली तर बदलून मिळते, नंतर ऐकून घेतात फक्त.

पैशानं जे मिळत नाही तेही माहीत हवं. केबिनमधला हवेचा दाब पुढं-मागं सारखाच. ए३५० आणि ७८७ मध्ये तो साधारण ६,००० फूट उंचीवरच्या हवेइतका, जुन्या विमानांत ८,००० फुटांपर्यंतचा. आपलं कळसूबाईही ५,४०० फूट. म्हणजे सोळा तास महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा वरच काढायचेत. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर डॉक्टरांना हा आकडा सांगूनच विचारा. हवा कोरडी, आर्द्रता १० ते २० टक्के. गंमत म्हणजे बिझनेसमध्ये ती आणखी कमी, कारण ओलावा माणसांच्या श्वासातून येतो आणि तिथं माणसं विरळ. झोपण्याआधी नाकपुड्यांना तुपाचं बोट लावायची जुनी सवय इथं कामाला येते. पाणी थोडं थोडं, पण सतत.

पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका आडवं झोपल्यानं संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात तो साधारण दुप्पट होतो. मुळात कमीच असतो, पण वय आणि बसणं दोन्ही वाढवतात. जाग असताना तासा-दीड तासाला एक फेरी, बसल्या जागी घोटे फिरवणं, आणि डॉक्टर हो म्हणाले तर गुडघ्याखालचे दाबमोजे. मधुमेहात पायांचा रक्तप्रवाह कमी असेल तर हेच मोजे नको असतात, म्हणून विचारूनच. पायात सैल चपला, कारण पाय सुजणारच.

इन्सुलिन हातातल्या पिशवीत, लागेल त्याच्या दुप्पट, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. सामानात टाकलं तर गोठून निकामी होऊ शकतं. दिवस साडेनऊ तासांनी लांबतो, त्यामुळं लांब पल्ल्याच्या इन्सुलिनची वेळ कशी सरकवायची ते आधीच लिहून घ्या. जेवणाआधीचं इंजेक्शन मात्र ताट समोर आल्यावरच. धक्के सुरू झाले की वाढप थांबतं, आणि इंजेक्शन आधीच घेतलेलं असलं तर साखर उतरते.

जेवणाचा कोड नीट निवडा. 'एव्हीएमएल' म्हणजे आपल्या पद्धतीचं शाकाहारी. 'व्हीजीएमएल' मागितलंत तर दूध-दही-पनीर काहीच नाही, कारण ते व्हीगन. निदान ४८ तास आधी नोंदवा. भडंग हातात चालतं, लोणचं नाही. ते द्रव धरतात. हळद, मेतकूट, चटणी ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त असली तर अमेरिकेच्या विमानासाठी अशा पुडींची जास्तीची तपासणी होते, त्यामुळं मोठ्या बॅगेत टाका. सुकं खोबरं नेऊच नका. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायची नाही, हातातच.

बिझनेसचं तिकीट आहे म्हणून व्हीलचेअर आपोआप येत नाही, मागावी लागते. बाबा जिना चढू शकत असतील तर 'डब्ल्यूसीएचआर', चढू शकत नसतील तर 'डब्ल्यूसीएचएस'. अमेरिकेच्या इमिग्रेशनला बिझनेसवाल्यांची वेगळी रांग नसते, तिथं व्हीलचेअरचाच उपयोग. आणि मुंबईत गेटपाशी अमेरिकेच्या प्रवाशांची पुन्हा तपासणी होते, म्हणून लाउंजमध्ये शेवटच्या मिनिटापर्यंत रेंगाळू नका.

खर्च कमी करायचा तर एकाच परतीच्या तिकिटात जाताना बिझनेस, येताना प्रीमियम इकॉनॉमी असं मिश्र काढा. सुटी एकेरी तिकिटं अनेकदा महाग पडतात. येतानाचा प्रवास वाऱ्याच्या दिशेनं असल्यानं सहसा थोडा आखूड असतो, म्हणून काटकसर तिथं. बोली लावून अपग्रेड मिळवायच्या भरवशावर आई-बाबांना पाठवू नका: मिळेल याची खात्री नाही, दोघांना शेजारी मिळेल याची तर नाहीच, आणि सामानाची मर्यादा बहुधा जुन्याच क्लासची राहते. दर बघताना करही धरा: २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवर ५ टक्के आणि त्यावरच्या क्लासवर १८ टक्के जीएसटी आहे.

तारीख आणि बुकिंगवर दिसणारा विमानाचा प्रकार इथं लिहा, कोणती ओळ घ्यायची ते सांगतो.