एक्सल: दुरुस्त करायचा की बदलायचा?

आधी एक्सलच्या जॉइंटवरचा रबरी बूट (ग्रीस आत ठेवणारं कव्हर) फाटला म्हणून घाबरू नकोस. स्टिअरिंग पूर्ण वळवून मोकळ्या जागेत गाडी हळू गोल फिरव. कटकट आवाज नसेल, तर सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा, एक्सल शाफ्टच्या टोकाचा सांधा) बहुधा शाबूत आहे. तो उघडून जुनं ग्रीस पुसून काढ, बोटांत चोळून बघ. वाळूसारखं खरखरीत लागलं की समज, धूळ आत गेली. तसं नसेल तर नवा बूट, नवं ग्रीस (जॉइंटसाठी सांगितलेलंच, हाताला लागेल ते नव्हे) आणि नव्या क्लिपा, भागतं.

कटकट सुरू झाली असेल तर मात्र नवा बूट घालून उपयोग नाही. जॉइंटमधल्या गोळ्यांच्या खाचा झिजल्यात, त्या भरून येत नाहीत. जॉइंट बदल किंवा अख्खा शाफ्ट. मी तर शाफ्टच बदलतो, कारण खोलायची मेहनत जवळपास तेवढीच.

चाकाचं बेअरिंग घोंघावत असेल तर सरळ नवं. टेपर बेअरिंग (निमुळत्या रोलरचं) असेल तर बाहेरची रिंगही सोबत बदल. जुन्या रिंगवर नवे रोलर लवकर खराब होतात.

आणि पिळलेला किंवा तडा गेलेला शाफ्ट वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला हात जोड. शाफ्ट उष्णतेची प्रक्रिया करून कठीण केलेला असतो, वेल्डिंगने ती ताकद जाते.