वर्षश्राद्धाआधी सही करू का?

प्रश्न : माझे वय ६९ असून मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आहे. ४५ वर्षांच्या संसारानंतर सात महिन्यांपूर्वी माझे यजमान गेले. आजही सकाळी चहाचे आधण मी दोघांचेच ठेवते आणि मग रडू येते. मुलगा पुण्यात असतो, मुलगी नाशिकला दिली आहे. मुलगा म्हणतो, घराला कुलूप लावून कायमची पुण्याला चल. घर यजमानांनी स्वकष्टाने बांधलेले असून त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. पुढे अडचण नको म्हणून मी आणि मुलीने त्याच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यावे, असा त्याचा आग्रह आहे. मुलगी काहीच बोलत नाही. मुलगा वाईट नाही. पण मला हे घर इतक्यात सोडवत नाही. हा माझा हट्ट आहे का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, हा हट्ट नाही. ज्या माणसाबरोबर ४५ वर्षे काढली, त्याच्या वाटणीचे पाणी आधणातून सात महिन्यांत कमी होत नसते आणि ते कमी व्हावे अशी घाई कोणी करूही नये. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंतचा काळ दुःखाचा मानतात, घरातली मंगलकार्येही पुष्कळदा त्यानंतरच काढतात. या रीतीत मला मोठे शहाणपण दिसते. काळजी करायची ती निराळ्या खुणांची. जेवण तुटणे, रात्रच्या रात्र डोळ्याला डोळा न लागणे, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चुकू लागणे, आपणही आता जावे असे वारंवार वाटणे, यांपैकी काही होत असेल, तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. जोडीदार गेल्यानंतरचे पहिले काही महिने मागे राहिलेल्याच्या प्रकृतीलाही जोखमीचे असतात, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. मन अगदीच असह्य झाले, तर १४४१६ या शासनाच्या मोफत ‘टेलिमानस’ क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आता सहीविषयी, आणि येथे मी स्पष्टच सांगते : इतक्यात करू नका. मृत्युपत्र नसल्यामुळे १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, सासूबाई हयात नसतील, तर या घरात तुम्ही, मुलगा आणि मुलगी यांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा आहे. तुमचा हिस्सा पूर्णपणे तुमच्या मालकीचा आहे. हक्कसोडपत्र एकदा नोंदवले की केवळ मन बदलले म्हणून ते परत घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्यात, सांभाळ न झाल्यास दिलेली मालमत्ता परत मिळवण्याची तरतूद आहे हे खरे. पण सांभाळाच्या अटीवर ती दिली होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये स्पष्ट केले आहे, आणि घरोघरी केल्या जाणाऱ्या हक्कसोडपत्रांत अशी अट सहसा कोणी लिहीत नाही. मुलाला पुढची अडचणच टाळायची असेल, तर तिघांचीही नावे वारस म्हणून मिळकतपत्रिकेवर लावून घ्या, आणि तुमच्या हिश्श्यापुरते तुमचे मृत्युपत्र करा. ते हयातीत कितीही वेळा बदलता येते.

मुलाविषयी तुम्ही लिहिलेले ‘वाईट नाही’ हे शब्द मला खरे वाटतात. वडील गेल्यानंतर त्या घरात आई एकटी आहे, रात्री-अपरात्री काही झाले तर आपण पोचणार नाही, ही धास्ती घेऊन तो पुण्यात झोपत असेल, आणि बाप गेल्याचे दुःख बोलता येत नसल्यामुळे तो कुलपाच्या आणि कागदांच्या गोष्टी बोलत असेल. त्याच्याशी आधी वडिलांविषयी बोला, घराविषयी नंतर. मग सांगा की वर्षश्राद्ध होईपर्यंत मी कशावरही सही करणार नाही. पण महिना-दीड महिना पुण्याला येऊन राहीन, आणि माझे कपाट, माझ्या गोळ्या, माझे सकाळचे फिरणे तिथे कसे बसते ते पाहीन. तुमचे निवृत्तिवेतन तुमच्या खात्यात येते, त्याचे एटीएम कार्ड तुमच्याच हाती राहू द्या. गावी एकटे राहायचे ठरले, तर शेजारच्या एका विश्वासू घरात जादा किल्ली ठेवा आणि रोज ठरलेल्या वेळी मुलाला फोन करण्याचा नेम ठेवा. त्याची निम्मी धास्ती त्यानेच उतरेल.

मुलीला मात्र आजच फोन करा. घरात तिचाही तुमच्याइतकाच हिस्सा आहे, आणि तिचेही वडील गेले आहेत. ती काही बोलत नाही असे तुम्ही लिहिता, पण तिला कोणी काही विचारले का, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही.