शहराचं पाणी चित्रात कसं आणू?

प्रश्न: मी सोलापुरात चित्रकला शिकतेय, शहरातल्या पाण्यावर चित्रमालिका करायचीय. सिद्धेश्वर तलाव सोडून काय घेऊ? तो सगळेच काढतात.

उत्तर: सोडू नकोस गं, तिथूनच सुरू कर! सिद्धरामेश्वरांनी १२व्या शतकात खोदवलेलं तळं, अजून संक्रांतीला नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच मानाच्या काठ्या, तळ्याच्या काठावर येतात, ते सोडून सोलापूरचं पाणी कसं दाखवणार? फक्त देऊळ आणि प्रतिबिंब नको. काठाच्या दगडावर वाळलेल्या शेवाळाची रेघ बघ, पाणी किती उतरलं ते तीच सांगते. मग कंबर तलाव. जलपर्णी पसरली की खाली ऊन पोचत नाही, ऑक्सिजन घटतो, मासे तडफडतात, तो हिरवा रंग दिसायला छान पण घातक, हे रंगात उतरव. आणि उजनी धरणाचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून पाइपाने आपल्या नळाला येतं, तेव्हा दारातले भरलेले ड्रम, घागरी पण काढच.